ओपनपोर्ट २.० : आठ महिने वापरल्यावर

आठ महिन्यांत गाडीच्या ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात, नवा मॅप (इंजिनाने कधी काय करायचं ते सांगणारे आकडे) मी पाच वेळा टाकला. चालत्या गाडीतल्या नोंदींच्या, म्हणजे लॉगच्या, फायली मात्र लॅपटॉपवर १४० च्या वर साठल्यात. ईसीयू आणि लॅपटॉप जोडणारी डबी म्हणजे ओपनपोर्ट; 'ओपनपोर्ट घेऊ का?' असं कोणी विचारलं की मी आधी हे दोन आकडे सांगतो. बहुतेकांचा निम्मा उत्साह तिथेच उतरतो, आणि माझ्या मते ते बरंच आहे.

गाडी २००७ ची सुबारू डब्ल्यूआरएक्स, अडीच लिटरची, टर्बो. मी राहतो डेन्वरजवळ, कोलोराडोत. गाडी माझ्याकडे आली तेव्हा दोन हातांतून गेलेली होती. आधीचा मालक म्हणाला, 'काहीही बदललेलं नाही.' सायलेन्सर मात्र मूळचा नव्हता आणि बोनेटखाली दोन क्लॅम्प अगदी कोरे चकचकीत होते. तेव्हा ईसीयूमध्ये नक्की काय लिहिलंय ते आपल्या डोळ्यांनी बघावं, एवढ्यासाठीच मी हे उपकरण शोधायला लागलो. ताकद वगैरे वाढवायचं डोक्यात नंतर आलं.

ओपनपोर्ट हे टॅक्ट्रिक्स कंपनीचं. एक टोक स्टिअरिंगखालच्या, गाडी तपासण्यासाठी असलेल्या ओबीडी सॉकेटमध्ये, दुसरं मिनी यूएसबीने लॅपटॉपला. जे२५३४ नावाचं एक मानक आहे. कुठल्याही स्वतंत्र गॅरेजवाल्याला कंपनीच्या खास मशीनशिवाय ईसीयू नव्याने लिहिता यावा म्हणून अमेरिकेत २००४ च्या मॉडेलांपासून ते गाड्यांना लागू झालं. ओपनपोर्ट त्या मानकाचं पालन करतं, म्हणजे ते फक्त दुभाष्याचं काम करतं. स्वतःचं डोकं त्याला नाही. डोकं असतं सॉफ्टवेअरला, आणि सुबारूसाठी ती दोन आहेत: वाचायला-लिहायला इकूफ्लॅश, मॅप बघायला आणि लॉग घ्यायला रॉमरेडर. दोन्ही फुकट. एकदा उपकरण घेतलं की दर गाडीमागे लायसन्स नाही की वर्षाची वर्गणी नाही, हा याचा मोठा गुण.

आता माझा मूर्खपणा. आधी मी नक्कल घेतली. ऑनलाइन, चौथाई किमतीत, वर नाव तेच छापलेलं. दहा-बारा मिनिटं लॉग चालायचा आणि मग कनेक्शन तुटायचं. एके दिवशी स्क्रीनवर फर्मवेअर (डबीच्या आतला प्रोग्रॅम) अपडेट करू का असा प्रश्न आला, मी 'हो' म्हटलं, आणि डबी मेली. विकणाऱ्याला लिहिलं तर उत्तर आलं, 'अपडेट करू नका असं पाकिटातल्या चिठ्ठीत लिहिलं होतं.' पाकीट शोधून काढलं. खरंच होतं, मुंगीच्या अक्षरात. नशीब एवढंच, की त्या डबीने मी गाडीत काही लिहायला गेलो नव्हतो. वाचताना तुटलं तर पुन्हा वाचता येतं. लिहिताना तुटलं तर काय होतं ते खाली येतंच आहे. नंतर निमूटपणे अस्सल मागवलं.

या वयाच्या सुबारूला फ्लॅश किंवा टेस्ट मोडमध्ये, म्हणजे ईसीयू नव्याने लिहिता येईल अशा अवस्थेत, नेण्याची एक रीत आहे. डॅशबोर्डखाली दोन हिरवे कनेक्टर लोंबत असतात, एरवी एकमेकांपासून सुटे. ते जोडायचे. लोंबत असतात म्हणे! माझ्या गाडीत ते वायरिंगच्या जुडग्यामागे टेपने बांधून ठेवले होते. पाय गाडीबाहेर, पाठ सीटच्या कडेवर, मान पेडलखाली आणि तोंडात टॉर्च, अशा अवस्थेत मी वीस मिनिटं घालवली. जोडून चावी 'ऑन' केली आणि गाडीतून टक्, टक्, टक् सुरू झालं. रेडिएटरचे पंखे फिरतात, थांबतात, फिरतात, थांबतात. पेट्रोल पंप गुणगुणतो, गप्प होतो. चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. मुलगी दारात उभी होती, म्हणाली, "बाबा, तू मोडलीस का?" मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण हे असंच व्हायचं असतं, टेस्ट मोडची ती खूण आहे. काम झाल्यावर कनेक्टर सोडवायला विसरलात तर गाडी चालवतानाही दिवा लुकलुकत राहतो. मी विसरलोय. दोनदा.

रॉम, म्हणजे ईसीयूतला सगळा प्रोग्रॅम, वाचून झाला, काही मिनिटांचंच काम. मूळ कंपनीचा रॉम मिळवून दोन्ही शेजारी-शेजारी उघडले. 'काहीही बदललेलं नाही' वाल्या गाडीत टर्बोचा बूस्ट (इंजिनात हवा दाबण्याचा जोर) वाढवलेला होता, आणि त्याहून मजा म्हणजे पी०४२० हा कोड बंद करून ठेवला होता. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नसेल तेव्हा येणारा हा कोड. थोडक्यात, कन्व्हर्टर कामातून गेला होता आणि आधीच्या मालकाने दिवाच विझवून टाकला होता. अमेरिकेत प्रदूषणाची यंत्रणा अशी निकामी करणं थेट कायद्याविरुद्ध आहे, आणि डेन्वर भागात दर दोन वर्षांनी गाडीची धूर तपासणी असते. मी मूळ रॉम परत टाकला. हा माझा पहिला फ्लॅश. आठवड्याभरात दिवा लागला. म्हणजे ट्यूनिंगचं उपकरण घेतल्याचा पहिला परिणाम काय, तर नव्या कन्व्हर्टरचं बिल. बायकोने एवढंच विचारलं, "हे यंत्र परत करता येतं का?"

पण खरी मजा लॉगमध्ये आहे.

२००७ ची डब्ल्यूआरएक्स लॅपटॉपशी के-लाइन या जुन्या तारेवर बोलते, ४८०० बॉडच्या वेगाने. हा वेग आजच्या हिशेबात बैलगाडीचा. तीस गोष्टी एकदम मागितल्या तर प्रत्येक आकडा इतक्या सावकाश येतो, की मधलं काहीच कळत नाही. सुरुवातीला मी हावरटासारखं सगळंच टिकमार्क केलं होतं. आता आठ-नऊच गोष्टी घेतो: आरपीएम, लोड, बूस्ट, थ्रॉटल, इग्निशन टायमिंग (ठिणगी कधी पडते ते), इंधनाची दुरुस्ती (ईसीयू ठरल्यापेक्षा किती कमी-जास्त पेट्रोल घालतो ते) आणि नॉकचे, म्हणजे इंजिनातल्या ठोक्याचे, तीन आकडे. २००८ नंतरची, कॅन या जास्त वेगवान जाळ्यावर बोलणारी सुबारू असेल तर हा त्रास कमी.

नॉकच्या तीन आकड्यांपैकी मला सर्वात आवडतो तो आयएएम. इंजिन ठोकतंय का हे ईसीयू सेन्सरने ऐकत असतो, आणि पेट्रोलवर किती भरवसा ठेवायचा ते या एका आकड्यात धरून ठेवतो. १.० म्हणजे पूर्ण भरवसा. फ्लॅश केल्यावर माझ्या गाडीत तो ०.५ पासून सुरू होतो आणि गाडी नीट चालली की हळूहळू चढतो. दुसरा आकडा म्हणजे त्या क्षणी ठोका ऐकू आल्यावर मागे घेतलेलं टायमिंग. तिसरा म्हणजे अमुक आरपीएमला, अमुक लोडला नेहमीच ठोकतं असं शिकून ठेवलेली सवय. त्या वेळी स्पीडोमीटरकडे बघून यातलं काहीही कळत नाही. कानालाही येत नाही, रेडिओ बंद केला तरी.

नोव्हेंबरात आय-७० महामार्गाने डोंगरात आयझेनहॉवर बोगद्याकडे जाताना लॉग चालू होता. बोगदा ११,००० फुटांच्या वर. डेन्वरच मुळात ५,२८० फुटांवर, त्यामुळे हवा आधीच पातळ. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ३,००० च्या आसपास दर वेळी टायमिंग थोडं मागे यायचं. पेट्रोल बदलून बघितलं, तेच. मग इंधनाच्या शिकलेल्या दुरुस्तीकडे लक्ष गेलं. कमी हवेच्या पट्ट्यात ईसीयू तब्बल ११ टक्के जास्त पेट्रोल घालत होता, जास्त हवेच्या पट्ट्यात जेमतेम २. एअरफ्लो सेन्सरने मोजलेली हवा आणि इंजिनात शिरणारी हवा यांचा मेळ बसत नसेल तर असं दिसतं. म्हणजे सेन्सरच्या पुढे कुठेतरी फट आहे.

फट निघाली टर्बोच्या इनलेट होजला. हा रबरी पाइप इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा वाटणाऱ्या भागाच्या) खाली लपलेला असतो, थंडीत कडक होतो आणि चिरतो. डिझाइन करणाऱ्याने तो तिथे का ठेवला हे त्यालाच ठाऊक. बदलायला शनिवार-रविवार दोन्ही गेले, दोन नखं गेली आणि एक दहाचा पाना अजून इंजिनाच्या खोबणीत कुठेतरी आहे. पण सोमवारी लॉग घेतला तेव्हा ११ चे ३ झाले होते. मला वाटतं या पूर्ण आठ महिन्यांत मला सगळ्यात जास्त आनंद त्या एका आकड्याने दिला. नॉकही जवळपास गेला. आधीच मॅपमधलं टायमिंग कमी करून मोकळा झालो असतो तर आकडे गोड दिसले असते आणि चीर तशीच राहिली असती.

उरलेल्या चार फ्लॅशपैकी तीन बारीकसारीक. थ्रॉटलचा मॅप थोडा सौम्य केला, कारण मूळ गाडी पहिल्या गिअरमध्ये सशासारखी उडी घेते. एका छोट्या पट्ट्यात टायमिंग दीड अंशाने मागे घेतलं. टर्बोचा जोर आवरणाऱ्या वेस्टगेटचे आकडे इथल्या उंचीला जमवून घेतले, त्यामुळे बूस्ट आधी वर जाऊन मग खाली यायचा तो आता सरळ राहतो. याहून पुढे जायला मी धजावत नाही. या इंजिनाच्या पिस्टनची रिंगांमधली कड तडकते ही जुनी दुखरी बाब आहे. शिवाय हवा-पेट्रोलाचं प्रमाण मोजणारा मूळचा एअर-फ्युएल सेन्सर गाडी फुल थ्रॉटलवर असताना साधारण ११ च्या खालचं काही दाखवतच नाही. त्याहून खालचंही मोजणारा वेगळा वाइडबँड सेन्सर बसवल्याशिवाय त्या भागात हात घालणं म्हणजे डोळे मिटून इंजेक्शन देणं.

आणि पाचवा फ्लॅश. जानेवारी, गॅरेजमध्ये उणे सात. बॅटरीला चार्जर लावला होता, कारण टेस्ट मोडमध्ये पंखे बॅटरी खातात. लॅपटॉपचा चार्जर मात्र घरात राहिला होता. लिहिणं अर्ध्यावर आलं आणि लॅपटॉपने बॅटरी वाचवण्यासाठी डुलकी घेतली. स्क्रीन काळी. त्या क्षणी गाडीच्या ईसीयूत अर्धा जुना, अर्धा नवा असा धेडगुजरी प्रोग्रॅम होता. मी चावीला हात लावला नाही, हे एक शहाणपण केलं. चार्जर आणला, लॅपटॉप जागा केला, तोच रॉम पुन्हा लिहायला लावला. ती सहा-सात मिनिटं मी पट्टीकडे बघत उकिडवा बसलो होतो. झालं. गाडी पहिल्याच चावीत सुरू झाली. तेव्हापासून फ्लॅशच्या आधी लॅपटॉपची स्लीप बंद, वायफाय बंद, विंडोजचे अपडेट बंद, आणि घरातल्यांना सूचना की हाक मारू नका.

तक्रारी आहेत. मिनी यूएसबीचं सॉकेट हे आजच्या काळात काही खरं नाही. गुडघा लागला की वायर हलते, म्हणून मी ती वेल्क्रोने डॅशबोर्डला बांधतो. ड्रायव्हर ३२ बिटचा असल्यामुळे रॉमरेडरलाही ३२ बिटची जावा लागते. हे कळेपर्यंत माझी एक पूर्ण संध्याकाळ 'उपकरण सापडत नाही' या वाक्याशी भांडण्यात गेली. इकूफ्लॅशचा चेहरामोहरा दहा-बारा वर्षांपूर्वीचा आहे. माहितीपुस्तिका म्हणावी असं काही नाही, सगळं इथून-तिथून वेचावं लागतं.

याउलट एका सोयीचं कौतुक कमी होतं. उपकरणात मायक्रोएसडी कार्ड बसतं. कार्डावर एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये काय-काय नोंदवायचं ते लिहून ठेवलं की लॅपटॉपशिवाय लॉग होतो. हिवाळाभर मी ऑफिसला जाता-येता असेच लॉग घेतले. ते १४० त्यातूनच झाले.

चिंचवडच्या माझ्या आतेभावाचं गॅरेज आहे. त्याने फोनवर विचारलं, "दादा, दिवाळीला येताना मला एक घेऊन ये ना, स्विफ्ट आणि आय-ट्वेंटीला लावतो." त्याला नाही म्हटलं. दुभाष्या चांगला असला तरी त्या गाड्यांचे मॅप उलगडणारं फुकटचं सॉफ्टवेअर या जोडीत नाही. इकूफ्लॅशचा जीव सुबारू आणि मित्सुबिशीतच आहे. मग तो म्हणाला, "पण तुमच्याकडे ९१ चं पेट्रोल भारी म्हणे? आमच्याकडेही ९१ च आहे." इथे बरेच जण फसतात. हा पेट्रोलचा ऑक्टेन आकडा, पण भारतातला आरओएन, अमेरिकेतला एकेआय, मोजण्याची पद्धतच वेगळी. तिकडचं ९१ म्हणजे इथलं साधारण ८७. इथलं ९१ म्हणजे तिकडच्या ९५ च्या जवळपास. आणि डेन्वरला साधं पेट्रोल ८५ चं मिळतं, जे माझ्या गाडीला दाखवलं तरी आयएएम खाली येईल. दुसऱ्या गावचा, दुसऱ्या पेट्रोलवरचा मॅप उचलून आपल्या गाडीत टाकणाऱ्यांनी निदान एवढं तरी बघावं.

मे महिन्यात धूर तपासणी झाली. जानेवारीनंतर फ्लॅश केला नव्हता ते बरंच झालं, कारण फ्लॅश केला की गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात आणि त्या पुऱ्या व्हायला काही दिवस गाडी चालवावी लागते. पास झाली. मेलेली नक्कल अजून ड्रॉवरमध्ये आहे, मुलगी तिला ओबीडी प्लगच्या बाजूने धरून टीव्हीचा रिमोट म्हणून खेळते.