फ्लूची लस घ्यायची असंल तर विश्रामबागेतलं हे मेडिकल बरंय
आईला दमा आहे त्यामुळं पावसाळ्याआधी डॉक्टरांनी फ्लूची लस लिहून दिली, ती इथनं घेतली. काउंटरवरच्या फार्मासिस्ट ताई एक नंबर, फ्रिज उघडून आतला थर्मामीटरच दाखवला, २ ते ८ डिग्रीतच पाहिजे म्हणाल्या आणि बर्फाला चिकटून गोठली तर लस वाया जाते म्हणून आईसपॅकला कागद गुंडाळून मग पिशवीत दिली, एक्सपायरी पण स्वतः वाचून दाखवली. आई म्हणाली मागच्या वर्षी घेतलीय की, तर व्हायरस बदलत राहतोय, दरवर्षी घ्यावी लागते, आणि टोचल्यावर दोनेक आठवड्यांनी गुण येतो असं नीट समजावून सांगितलं. बाकी ठिकाणी नुसतं बिल फाडून मोकळे होतात.

एकच वैताग, टोचायला परत दवाखान्यात नंबर लावून बसा. इंग्लंडमध्ये २०१५ पासून ६५ च्या पुढच्यांना सरकारी योजनेतनं औषध दुकानातले फार्मासिस्टच टोचतात, इकडं कधी होतंय कुणास ठाऊक. झालं तर आई पहिली ताईंकडंच जाणार.

पार्किंगची मात्र बोंब आहे, गाडी लांबच लावा. आणि रविवारी दुपारनंतर शटर डाऊन.