वाफू की गोमा? घरच्या जपानी ड्रेसिंगची निवड

जपानी धाटणीचं सॅलड ड्रेसिंग घरी करायचं ठरवलं की पाककृती ढीगभर सापडतात, पण नीट पाहिलं तर बहुतेक सगळ्या दोनच प्रकारांत मोडतात. एक वाफू: सोया सॉस, राइस व्हिनेगर, तेल, किसलेला कांदा किंवा आलं. पातळ, तपकिरी, आंबट-खारट. दुसरं गोमा: भाजून कुटलेले तीळ, सोया, व्हिनेगर, साखर आणि बहुधा मेयोनीज. दाट आणि खमंग, जरा गोडाकडे झुकणारं. अमेरिकेतल्या जपानी रेस्टॉरंटांत मिळणारं केशरी गाजर-आल्याचं ड्रेसिंगही छान लागतं, पण ते वाफूचंच चुलत भावंड म्हणायला हवं, म्हणून त्याचा वेगळा विचार करत नाही.

माझ्या फ्रिजमध्ये बराच काळ दोन्हींच्या बरण्या शेजारी शेजारी होत्या. आता बहुतेक वेळा एकच असते. ती कोणती आणि का, हे सांगतो. मात्र माझं सॅलड डब्यातलं असतं, सकाळी भरलेलं आणि दुपारी खाल्लेलं. तुम्ही ताटात वाढून लगेच खात असाल, तर माझा कौल तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

वाफूची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. दोन मोठे चमचे सोया, दोन मोठे चमचे राइस व्हिनेगर, तीन मोठे चमचे वास नसलेलं तेल, छोटा चमचाभर साखर, मोठा चमचाभर किसलेला कांदा, अर्धा छोटा चमचा आलं आणि वरून छोटा चमचाभर भाजक्या तिळाचं तेल. बरणीत घालायचं, झाकण लावून हलवायचं, संपलं. गॅस नाही, मिक्सर नाही. कांदा घातला असेल तर चार-पाच दिवसांत संपवावं. नुसतं सोया, व्हिनेगर आणि तेल असेल तर फ्रिजमध्ये त्याहून खूप जास्त टिकतं. त्याचे उपयोगही कितीतरी आहेत. थंड टोफूवर, वाफवलेल्या फरसबीवर, तळलेल्या मासळीवर, उकडलेल्या बटाट्यावर ते तितकंच शोभतं. घरात कोणाला तिखट हवं असेल तर मिरची घाला, आंबट हवं असेल तर व्हिनेगर अर्धं करून लिंबू पिळा, ते सगळं सामावून घेतं. बदल पचवण्याच्या बाबतीत वाफू नक्कीच वरचढ आहे.

दोन्हींना लागू पडणाऱ्या काही गोष्टी इथेच सांगतो, कारण आपल्याकडच्या सामानानं चव नेमकी इथे बिघडते. सोया सॉस नैसर्गिकरीत्या आंबवलेलाच घ्यावा. नूडल्स आणि मंचुरियनसाठी आपण जो काळा, दाट सोया आणतो, त्यात रंगासाठी कॅरॅमल असतं. परतलेल्या भाजीत तो चालतो, कच्च्या पानांवर मात्र त्याची कडवट गोडी उघडी पडते. व्हिनेगरचंही तेच. लेबलवर ‘सिंथेटिक’ लिहिलेलं असेल तर ते पाण्यात पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिड असतं. आंबटपणा साधारण तेवढाच, चार टक्क्यांच्या आसपास, पण तांदळाच्या व्हिनेगरमधली गोलाई त्यात नाही आणि वास नाकात जातो. राइस व्हिनेगर मिळत नसेल तर मी लिंबाचा रस आणि चिमूटभर साखर पसंत करतो.

सगळ्यात मोठी फसगत तेलाची होते. आपलं घाण्याचं तिळाचं तेल कच्च्या तिळांचं असतं, आणि जपानी पाककृतीतलं तेल आधी खरपूस भाजलेल्या तिळांचं. पहिलं फिकट आणि सौम्य, दुसरं गडद आणि इतकं सुवासिक की छोटा चमचाभर पुरतं. एकाच्या जागी दुसरं घातलं तर ड्रेसिंग बिघडत नाही, पण ज्या वासासाठी हा खटाटोप करायचा तोच येत नाही. हे बरंचसं वाफूच्या विरोधात जातं, कारण वाफूला खमंगपणा फक्त या तेलातूनच मिळतो. गोमामध्ये तीळ आपण स्वतः भाजतो, त्यामुळे भाजक्या तिळाचं तेल घरात नसलं तरी काम अडत नाही.

आता ज्या एका त्रासानं माझा निर्णय झाला, त्याकडे येतो.

वाफूतल्या दोन मोठ्या चमचे सोयामध्ये जवळपास पाच ग्रॅम मीठ असतं. हे मीठ काकडी, कोबी, गाजर यांच्यावर पडलं की त्यांतलं पाणी बाहेर येऊ लागतं. ताटात दहा मिनिटांत खाल्लं तर फरक जाणवत नाही. डब्यात चार-पाच तास जातात. शिवाय वाफूमध्ये तेल आणि सोया-व्हिनेगर यांना धरून ठेवणारं फारसं काही नसतं. बरणी हलवल्यावर ते एकत्र दिसतात, पाच मिनिटांनी वेगळे होतात. पानांचा मेणचट पापुद्रा तेलाला जवळ करतो आणि पाण्याला झटकतो. म्हणून तेल वर पानांना चिकटून राहतं, सोया आणि व्हिनेगर मात्र सुटलेल्या पाण्यासोबत तळाशी जातात. दुपारी डबा उघडावा तर वरचा घास अळणी आणि तेलकट, तळचा खारट आणि पाणचट. मधे कुठेतरी दोन-तीन घास बरोबर लागतात. त्यात झाकण जरा सैल असेल तर ते तपकिरी पाणी पोळीच्या फडक्यापर्यंत पोचतं, आणि सोयाचा डाग सहजासहजी निघत नाही.

यावर उपाय आहेत, मी ते नाकारत नाही. ड्रेसिंग वेगळ्या डबीत न्यावं. पण मग ऑफिसच्या टेबलावर ते कालवायला डबा मोठा हवा आणि वेळ हवा. किंवा काकडीला आधी मीठ लावून पाणी पिळून काढावं. जपानमध्येही काकडीच्या सुनोमोनोसाठी, म्हणजे व्हिनेगर घातलेल्या कोशिंबिरीसाठी, असंच करतात, आणि आपल्याकडे खमंग काकडी करताना कोचवलेली काकडी पिळतातच. ते चांगलं लागतं, पण सकाळच्या घाईत आणखी एक काम वाढतं. पिळलेल्या काकडीत मीठ आधीच मुरलेलं असल्यामुळे सोया कमी करावा लागतो, तो कमी केला की कोबी फिका लागतो. एक बाजू सावरावी तर दुसरी सुटते.

खमंग काकडीत हे पाणी सांभाळतं ते दाण्याचं कूट. गोमात तेच काम तीळ करतात, आणि माझ्या मते त्याचं सगळं बळ यातच आहे. कुटलेल्या तिळांचे बारीक कण पाणी धरून ठेवतात. मेयोनीजमधल्या अंड्याच्या बलकात लेसिथिन असतं, ते तेल आणि पाण्याला वेगळं होऊ देत नाही. भाजीतून पाणी सुटायचं ते सुटतंच, पण ते तळाशी साचत नाही, ड्रेसिंगमध्ये मिसळून जातं. म्हणून मी गोमा सकाळी मुद्दाम जरा जास्तच घट्ट ठेवतो. चमच्यावरून ओघळायला वेळ लागेल इतकं. कोबी-गाजरात कालवताना ते जड वाटतं, खाण्याच्या वेळेपर्यंत अगदी जसं हवं तसं सैल झालेलं असतं. ज्या पाण्यानं वाफूचा घात होतो, तेच इथे कामी येतं. पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत चव एकसारखी, हे मला डब्याच्या बाबतीत फार मोलाचं वाटतं.

माझं प्रमाण असं: चार मोठे चमचे पांढरे तीळ (साधारण 35 ग्रॅम), एक मोठा चमचा साखर, दीड मोठा चमचा सोया, दीड मोठा चमचा राइस व्हिनेगर, तीन मोठे चमचे मेयोनीज. भाजक्या तिळाचं तेल असेल तर छोटा चमचाभर.

गोमात कष्ट आहेत ते भाजण्याचे आणि कुटण्याचे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर तीळ हलवत राहायचं. तडतडू लागले आणि रंग बदामी झाला की लगेच ताटलीत काढायचे, कढईत ठेवले तर उरलेल्या उष्णतेनंच कडू होतात. सालासकट गावरान तिळांचा वास जास्त चांगला येतो. पॉलिशचे तीळ घेतले तर ड्रेसिंग मऊ, फिकट होतं आणि कडवटपणा नसतो. मला गावरान आवडतात, लहान मुलांच्या डब्यासाठी पॉलिशचे बरे.

जपानमध्ये कुटायला सुरिबाची वापरतात. हा मातीचा वाडगा असतो, आतून दातेरी, आणि सोबत लाकडी बत्ता. दात्यांमध्ये तीळ अडकून चिरडले जातात. तीळ तेवढेच फुटतात, त्यांचं लोणी होत नाही. आपला खलबत्ता हे काम बऱ्यापैकी करतो. मिक्सरमध्ये अडचण अशी की चार चमचे तीळ पात्यापर्यंत पोचतच नाहीत, आणि पोचले तर गरम होऊन तेल सोडतात व तळाशी गोळा होतो. तिळात निम्म्याच्या आसपास तेलच असतं, त्यामुळे हे होणारच. म्हणून तीळ पूर्ण गार करायचे, पाककृतीतली साखर त्यातच घालायची आणि चटणीच्या भांड्यात थांबत-थांबत फिरवायचं. साखरेच्या दाण्यांवर तीळ घासले जातात आणि सुटलेलं तेल साखर सामावून घेते. थोडे तीळ अर्धवट राहिले तर राहू द्यावेत, दाताखाली आलेले चांगले लागतात. आठवड्याचं कूट एकदाच करून हवाबंद डबीत ठेवलं की रोजचं काम वाफूइतकंच उरतं. मात्र फार दिवसांचं करू नये, कुटलेल्या तिळांचा वास लवकर उतरतो.

मेयोनीजचा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. जपानी मेयोनीज, म्हणजे क्यूपी कंपनी 1925पासून विकत आली आहे ते, फक्त बलकाचं असतं आणि चवीला भरदार. आपल्याकडे बहुतेक दुकानांत बिनअंड्याचं मिळतं, ते बरंच गोड असतं. ते वापरताना साखर निम्मी करावी आणि व्हिनेगर अर्धा चमचा वाढवावं. मेयोनीज नकोच असेल तर मऊ टोफू घ्या. ही माझी जुळवाजुळव नव्हे. तीळ आणि टोफू एकत्र वाटून भाज्यांना लावण्याची शिराए नावाची पद्धत जपानच्या शाकाहारी स्वयंपाकात जुनीच आहे. शंभर ग्रॅम टोफूला एक मोठा चमचा तेल घालून मिक्सरमधून काढलं की मेयोनीजची जागा भरून निघते, आणि पोटालाही हलकं वाटतं. चक्का घालूनही पाहण्यासारखं आहे. छान लागतं, पण मग चव सरळ आपल्या कोशिंबिरीकडे वळते. तेच हवं असेल तर उत्तमच.

सोया कमी करण्याच्या बाबतीतही गोमा जास्त सोसतं, असा माझा अनुभव आहे. रक्तदाबामुळे घरात कोणी मीठ कमी खात असेल तर सोया दीडवरून एका चमच्यावर आणता येतो. तिळाची चव इतकी भरीव असते की पोकळी जाणवत नाही. वाफूत सोया कमी केला तर मागे फक्त आंबट तेल उरतं.

गोमा कुठे कमी पडतं तेही स्पष्टच सांगतो. कोवळ्या लेट्यूसवर ते जड होतं, पानं एकमेकांना चिकटतात. तिथे वाफूच हवं, आणि तेही खायच्या क्षणी घातलेलं. टोमॅटो, संत्रं, मुळा यांच्याशीही वाफूचं जास्त जमतं. उष्मांक मोजणाऱ्यांना तीळ आणि मेयोनीज दोन्ही खटकतील. तिळाची ॲलर्जी असलेल्या घरात गोमाचा प्रश्नच येत नाही, आणि अशा वेळी वाफूतलं भाजक्या तिळाचं तेलही वगळायला हवं. सोयामध्ये बहुधा गहू असतो, ते दोन्हींना सारखंच लागू.

गोमाचं खरं मैत्र कोबीशी. तोंकात्सूसोबत, म्हणजे डुकराच्या मांसाच्या तळलेल्या कटलेटसोबत, जपानमध्ये तारेसारखा बारीक चिरलेला कच्चा कोबी वाढतात, तसा चिरलेला कोबी, थोडं गाजर, उकडलेले मक्याचे दाणे, असं डब्यात भरलं तर गोमा प्रत्येक धाग्याला धरून राहतं. वाफवलेला पालक, फरसबी, ब्रोकोली यांनाही ते छान लागतं. आपल्या रोजच्या बाजारात कोबी, गाजर आणि फरसबी बारा महिने असतात, चांगलं लेट्यूस नसतं. तीळही आपले. जपानला जवळजवळ सगळे तीळ बाहेरून आणावे लागतात, आपल्याकडे ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ताजे मिळतात. मला वाटतं या एका बाबतीत आपलं गोमा तिथल्या बाटलीतल्यापेक्षा सरस व्हायला काही हरकत नाही.

तेव्हा घरी जेवणाऱ्यांनी, आणि ज्यांना एकाच बरणीतून पाच पदार्थ काढायचे आहेत त्यांनी, वाफूपासून सुरुवात केली तर काहीच चूक नाही. डबा नेणाऱ्यांना मात्र मी आधी गोमाच करून पाहा म्हणेन. फ्रिजमध्ये ते रात्रभरात आळतं. सकाळी सैल करायला पाणी घालू नका. पाण्यानं चव फिकी पडते. त्याऐवजी छोटा चमचाभर व्हिनेगर घालून ढवळा आणि तेवढ्यावर थांबा. उरलेलं काम कोबीचं पाणी करतं.