पांढऱ्या रश्श्याचा रंग: लक्ष्मीपुरीतल्या एका रंगाच्या दुकानाचा अनुभव

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराचे स्वयंपाकघर दहा फूट लांब आणि नऊ फूट रुंद आहे. त्याला एकच खिडकी आहे आणि तीही पश्चिमेला, बोळाकडे उघडते. गेल्या फेब्रुवारीत आम्ही ते रंगवून घेतले. रंगाची निवड, मशीनवर छटा तयार करून घेणे आणि नंतरची दुरुस्ती या तिन्ही कामांसाठी लक्ष्मीपुरीतल्या एकाच दुकानात खेपा घातल्या. वर्ष उलटून गेल्यावर त्या सेवेबद्दल आणि त्या रंगाबद्दल आता खात्रीने लिहिता येईल असे वाटते. मजकुरात एक तक्रारही आहे, आणि ती एका डब्यापुरती असल्यामुळे दुकानाचे व कंपनीचे नाव देत नाही.

दुकान बाहेरून साधे आहे. पुढे फळ्यांवर ब्रश, रोलर आणि पॉलिश पेपरचे गठ्ठे, आत रंग मिसळण्याचे मशीन आणि त्यावर पांढराफेक प्रकाश देणाऱ्या दोन ट्यूब. पहिल्या दिवशी मालकांनी शेड कार्डांचा पंखा माझ्यापुढे उघडला आणि लगेच मिटलाही. "ताई, इथल्या उजेडात बघू नका, बाहेर या," असे म्हणून ते मला पायरीवर घेऊन गेले. गिऱ्हाइकाची घाई असताना इतके भान ठेवणारा दुकानदार विरळाच, आणि माझ्या मते या दुकानाचा सर्वांत मोठा गुण तोच आहे. याउलट काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडून स्वयंपाकघराचा फोटो मागवून घेतला, मोबाइलवर भिंतीला सहा रंग लावून दाखवले आणि त्यांतला एक पिवळा "एकदम फ्रेश" असल्याचे सांगितले. मोबाइलच्या पडद्यातून प्रकाश बाहेर येतो आणि भिंत आपल्यावर पडलेलाच प्रकाश परत देते, त्यामुळे अशा चित्रावरून फार तर गडद हवा की फिकट एवढे ठरवता येते. या मोफत सल्ल्याला मी दहापैकी दोन गुण देईन, आणि तेही मुलाच्या उत्साहासाठी.

पैसे वाचवणारी गोष्ट निघाली ती म्हणजे २०० मिलिलिटरच्या सॅम्पल डब्या. दोन प्लेट मिसळीच्या पैशांत एक डबी मिळते. आम्ही तीन छटांच्या डब्या घेतल्या: करड्या झाकेचा पांढरा, लोण्यासारखा पिवळट, आणि ज्याला आमच्या घरात पुढे वेगळेच नाव पडले तो किंचित तांबूस झाकेचा दुधी. मालकांच्या सांगण्यावरून हे रंग थेट भिंतीवर न लावता दोन फुटी पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारून लावले आणि कडेला चार बोटे पांढरी पट्टी सोडली. भिंतीवर आधीचा रंग जुनाट निळा होता. त्याच्या शेजारी कोणताही फिकट रंग जरा पिवळाच दिसला असता, म्हणून ही पट्टी. दोन हात मारण्याचे कारण असे की पाण्यातला इमल्शन रंग ओला असताना फिका दिसतो आणि वाळल्यावर एखादी पायरी गडद होतो. एका हातावर निर्णय घेतला तर फसगत ठरलेली.

पुठ्ठे चार दिवस ओट्याभोवती फिरवले आणि तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात दिवसाला तीन वेगवेगळे उजेड नांदतात हे मला प्रथमच नीट दिसले. सकाळी बोळापलीकडच्या शेजाऱ्यांच्या पिस्ता रंगाच्या भिंतीवर ऊन पडते आणि तो हिरवटपणा उसळून आमच्या खिडकीतून आत येतो. करड्या झाकेचा पांढरा त्या उजेडात पालकाचे पाणी सांडल्यासारखा दिसू लागला. दुपारी चारनंतर शेजारच्या पत्र्यावरून ऊन तिरपे आत शिरते. त्या ऊनात लोण्यासारखा पिवळट थेट हळदीकडे झुकला, आणि मुलाने मोबाइलवर दाखवलेल्या पिवळ्याचे काय झाले असते याची कल्पना आली. रात्री ६५०० केल्व्हिनच्या, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाच्या ट्यूबखाली तोच पिवळट आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखा हिरवट पडला. आमचा मुख्य स्वयंपाक संध्याकाळी सातनंतर होतो, म्हणजे ज्या उजेडात आम्ही या भिंतींकडे सर्वांत जास्त वेळ बघतो तो हाच. तिन्ही वेळा स्वतःसारखा राहिला तो फक्त तांबूस झाकेचा दुधी. सासूबाईंनी फोडणी देता देता पुठ्ठ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "ह्यो तर पांढऱ्या रश्श्याचा रंग हाय की." खोबरे, खसखस आणि काजूचे वाटण मटणाच्या अळणीत पडल्यावर जो रंग येतो तोच हा. कार्डावरचे इंग्रजी नाव त्यानंतर घरात कोणी उच्चारले नाही.

निवडीत आणखी एका आकड्याची मदत झाली. प्रत्येक छटा आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी किती परत फेकते हे सांगणाऱ्या या आकड्याला लाइट रिफ्लेक्टन्स व्हॅल्यू म्हणतात. शून्य म्हणजे निव्वळ काळा आणि शंभर म्हणजे निव्वळ पांढरा. मला आधी एका भिंतीला विटकरी रंग द्यायचा होता, पण एकाच खिडकीच्या खोलीत काळ्या ग्रॅनाइटचा ओटा आधीच बराच उजेड गिळतो. त्यात विटकरी भिंतीची भर घातली असती तर भरदुपारी दिवा लावून कांदा चिरावा लागला असता. आम्ही ८०च्या आसपासची छटा घेतली. विटकरीची हौस मी फडताळाच्या आतल्या पाठीवर भागवली, आणि तिथे तो रंग पितळी डब्यांमागे फार शोभतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. पुठ्ठ्यावर आवडलेला रंग चारही भिंतींवर गेला की अधिक दाट भासतो, कारण समोरासमोरच्या भिंती एकमेकींचा रंग एकमेकींवर फेकतात. म्हणून मालकांनी शेड कार्डाच्या त्याच पट्टीवरची एक पायरी फिकी छटा सुचवली आणि त्यांचे म्हणणे बरोबर ठरले.

चमकेच्या बाबतीत त्यांचे आणि माझे जमले नाही. त्यांचा आग्रह भरपूर चमक असलेल्या महाग रंगाचा होता, कारण तो पुसायला सोपा. ते खरेच आहे, पण आमच्या भिंती दगडमातीच्या, वरचा गिलावा पिढ्यान्पिढ्या थिगळे लावलेला आणि लांबी (पुट्टी) कितीही भरली तरी उंचसखल. चमकदार रंगावर तिरपे ऊन पडले की असा प्रत्येक खळगा बोलू लागतो. अगदी मॅट घेतला तर खळगे लपतात, पण तेलाचे शिंतोडे पुसताना डाग पसरतो आणि घासल्या जागी भिंत चकचकीत होते. आम्ही भिंतींना मंद चमकेचा धुण्याजोगा रंग दिला आणि छताला मॅट. ओट्याच्या वर दोन फूट पांढऱ्या टाइल्स होत्याच. नव्याने करणाऱ्यांनी शेगडीच्या मागे त्या थेट चिमणीपर्यंत न्याव्यात, कारण कांदा-लसूण मसाल्याच्या फोडणीपुढे कोणत्याही कंपनीचा रंग टिकेल असे मला वाटत नाही.

या दुकानाने एक विक्री हातची जाऊ दिली, तेही नोंदवायला हवे. आम्ही पहिल्यांदा गेलो तो दसऱ्यानंतरचा आठवडा होता. दिवाळीआधी रंगकामाची झुंबड असते आणि आम्हालाही घाई होती. मालकांनी भिंतीला खालून लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर येणारा खार, लागतो का एवढेच विचारले आणि घरी जाऊन करायला एक परीक्षा सांगितली: दीड फूट प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवायचा आणि दुसऱ्या दिवशी काढायचा. आमच्या मोरीलगतच्या भिंतीवरचा तुकडा काढला तेव्हा आतून पाण्याचे थेंब ओघळले. कोल्हापूरचा पाऊस जुन्या भिंतींत किती मुरतो हे आम्हाला कळायला हवे होते, पण चार वर्षांपूर्वी याच भिंतीचे पोपडे आम्ही रंगाच्या कंपनीच्या माथी मारले होते. "ओल जाऊ द्या, माघात या," असे सांगून त्यांनी आम्हाला रिकाम्या हाताने परत पाठवले. मधल्या काळात मोरीचा गळका पाइप बदलला आणि पोपडे निघालेला गिलावा खरवडून नवा केला. तो वाळायला महिनाभर दिला.

खरवडण्यावरून आणखी एक. दाराच्या चौकटीवर कितीतरी जुन्या ऑइल पेंटचे थर होते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त असू नये हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती शिसे असेल ते डोळ्यांनी दिसत नाही. रंगारी तो कोरडाच घासायला निघाला होता. मी पाणी मारून घासायला लावले, भांडी बाहेर काढली आणि लहान मुलांना दोन दिवस माडीवर ठेवले. दुकानात याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. ओलीबद्दल इतके बोलणाऱ्यांनी ते सांगायला हवे होते.

आता तक्रार. चार लिटरच्या डब्यात काम सुटेल असा हिशेब होता, पण नव्या गिलाव्यावर रंगाऱ्याने प्रायमर मारण्यात कंजुषी केली आणि भिंतीने रंग पिऊन टाकला. खिडकीजवळचा कोपरा राहिला. महिनाभराने त्याच छटेचा एक लिटर करून आणला, तो कोपऱ्यात लावला आणि चारच्या ऊनात मधोमध उभी रेघ दिसू लागली: डावीकडे पांढरा रस्सा, उजवीकडे त्यात चमचाभर तांबड्या रश्श्याचा तवंग. दुकानात आधी "वाळला की मिळून येईल" असे उत्तर मिळाले. तो वाळून आठ दिवस झाले होते. पुठ्ठ्यावर दोन्ही रंग शेजारी लावून नेले तेव्हा मालकांनी पायरीवर जाऊन पाहिले, मान्य केले आणि नवा डबा विनामूल्य करून दिला. छोट्या डब्यात रंगद्रव्याचे थेंबच मोजके पडतात, त्यामुळे एखाद्या थेंबाची चूकही उठून दिसते, आणि ज्यात रंगद्रव्य मिसळतात त्या पांढऱ्या बेसचा लॉट बदलला असेल तर त्याचीही भर पडते. हे त्यांनी आधीच सांगून पहिल्याच खेपेला एक लिटर जास्त घ्यायला लावले असते, तर माझ्या तीन खेपा वाचल्या असत्या. नव्या डब्याने फक्त कोपरा न लावता या टोकापासून त्या टोकापर्यंत ती अख्खी भिंत रंगवली, तेव्हा कुठे रेघ गेली.

टिकाऊपणाबद्दल वर्षभराचा हिशेब समाधानकारक आहे. पावसाळ्यानंतर मोरीलगत बोटभर जागेशिवाय कुठेही पोपडा नाही. तेलाचा थर कोमट पाण्याने आणि मऊ फडक्याने निघतो. हळदीने मात्र एक गंमत केली. आमटीचा शिंतोडा साबणाने पुसायला गेले तर पिवळा डाग डोळ्यांदेखत लाल झाला. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, तसाच हा प्रकार, कारण साबणही क्षारयुक्तच. घाबरून मी आणखी घासले नाही. साध्या पाण्याने पुसल्यावर लाली गेली आणि फिकट पिवळा ठिपका उरला. खिडकीसमोरच्या भिंतीवरचे असे ठिपके ऊनाने पंधरवड्यात उडाले, फ्रिजमागचा अजून तसाच आहे.

उरलेला रंग मी लोणच्याच्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरून ठेवला आहे आणि डब्याच्या झाकणावरची छटेच्या सूत्राची चिठ्ठी काढून तिच्यावर चिकटवली आहे. पुढच्या माघात माजघर काढायचे आहे. दुकान हेच, पण या वेळी सगळे डबे एकाच दिवशी करून घेणार आणि मोठ्या बादलीत एकत्र ढवळूनच रंगाऱ्याच्या हाती देणार.