फुकटच्या ईमेल सॉफ्टवेअरचं ‘लायसन्स’: अंबडमधला आमचा अनुभव

नाशिककडच्या अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे या पट्ट्यात ज्यांचे छोटे-मध्यम कारखाने आहेत, त्यांनी हे जरूर वाचावं. ‘खास तुमच्या कंपनीसाठी बनवलेलं ईमेल सॉफ्टवेअर’ असं सांगून आम्हाला जे विकलं गेलं, ते दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडू नये एवढ्यासाठी लिहितेय.

मी अंबडच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात अ‍ॅडमिन आणि खरेदी सांभाळते. ऑफिस, स्टोअर, क्वालिटी, डिस्पॅच मिळून चाळीसेक कॉम्प्युटर. कुणी मेल ब्राउझरमध्ये उघडायचं, कुणी मोबाइलवर, कुणाच्या सहीखाली बंद पडलेला फोन नंबर. चाकणच्या ग्राहकांचं शेड्यूल मेलवरच येतं. ते कुणाच्या नजरेतून सुटलं तर माल वेळेवर जात नाही आणि डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापल्याचा कागद, आमच्या नावावर फाटते. म्हणून सगळ्या मशीनवर एकच सॉफ्टवेअर, एकसारख्या सेटिंग हव्या होत्या.

ओळखीतून एक गृहस्थ आले. “मॅडम, हे आमचं स्वतःचं प्रॉडक्ट आहे. तुमचं नाव, तुमचा लोगो, सगळं एन्क्रिप्टेड. दर कॉम्प्युटरमागे वर्षाला १,८०० रुपये.” डेमो चांगला झाला. नाव आणि पासवर्ड टाकला की खातं आपोआप तयार, सही आपोआप खाली. बिल आलं ‘ईमेल क्लायंट लायसन्स’ म्हणून, नग मोजून, वर १८ टक्के जीएसटी.

नूतनीकरणाच्या वेळी त्यांनी दर थेट दुप्पट केला. आमचे साहेब म्हणाले, बसून बोलू, एवढे देणार नाही. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी सगळीकडून फोन सुरू. सॉफ्टवेअर उघडत होतं, जुने मेल दिसत होते, पण नवीन काही येईना आणि काही जाईना. खाली डाव्या कोपऱ्यात ऑफलाइनचं चिन्ह. त्यावर कितीही क्लिक करा, ऑनलाइन व्हायचं नाव नाही. इंटरनेट मात्र व्यवस्थित चालू होतं. त्या गृहस्थांना फोन केला तर उत्तर तयार: “लायसन्स संपलंय मॅडम, पेमेंट झालं की अर्ध्या तासात सुरू होईल.”

टूलरूममधल्या एकाचा धाकटा भाऊ सातपूरला नेटवर्किंगची कामं करतो. तो आला. त्याने आधी आमच्याच एका पाठवलेल्या मेलचा सोर्स, म्हणजे मेलमागचा एरवी न दिसणारा तांत्रिक मजकूर, उघडला. त्यात मेल कुठल्या सॉफ्टवेअरने पाठवला ते सांगणाऱ्या ‘यूजर-एजंट’च्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं: मोझिला थंडरबर्ड. म्हणजे २००४ पासून जगभर फुकट मिळणारं ईमेल सॉफ्टवेअर. मोझिला पब्लिक लायसन्सखाली ते कितीही मशीनवर वापरा, एक पैसा लागत नाही. डेस्कटॉपवरचं नाव आणि चिन्ह बदललं होतं, मदतीचा मेनू लपवला होता.

मग त्याने इन्स्टॉलेशनच्या फोल्डरमधली एक फाइल नोटपॅडमध्ये उघडली. आत सगळी अगम्य अक्षरं. हेच ते ‘एन्क्रिप्शन’. पोरगा म्हणाला, “ताई, हे कुलूपबिलूप काही नाही. थंडरबर्डमध्येच सोय आहे, प्रत्येक अक्षराचा कोड १३ने सरकवून ठेवायची.” पाच मिनिटांत त्याने ती उलटी सरकवली आणि ओळी वाचता यायला लागल्या. मेल सर्व्हरचं नाव, पोर्ट ९९३, सहीचा मजकूर, अपडेट बंद ठेवण्याची सूचना, आणि एक वेब पत्ता. तो पत्ता त्या गृहस्थांच्या सर्व्हरचा.

सगळी मेख त्या पत्त्यात होती. सुरू होताना सॉफ्टवेअर त्या पत्त्यावरून सेटिंग मागवायचं. तिथे फाइल मिळाली नाही तर ते ऑफलाइन जायचं आणि ऑनलाइनचं बटण लॉक व्हायचं. ही सोय खरी आहे, मोठ्या संस्थांना सगळ्या मशीन एका जागेवरून सांभाळता याव्यात म्हणून दिलेली. पण तो पत्ता कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरचा असायला हवा. इथे घर आमचं आणि किल्ली त्यांच्या खिशात. त्यांनी आपल्याकडची फाइल काढून घेतली आणि आमचं डिस्पॅच अडलं. अपडेट बंद ठेवल्यामुळे सुरक्षेच्या दुरुस्त्याही आमच्या मशीनपर्यंत पोचल्या नव्हत्या, याचा मला जास्त राग आहे.

आमचे मेलबॉक्स दुसऱ्याच होस्टिंगवर, म्हणजे वेगळ्या कंपनीच्या सर्व्हरवर होते, म्हणून मेल हरवले नाहीत. डोमेनच्या (कंपनीच्या इंटरनेटवरच्या नावाच्या) कंट्रोल पॅनलचा पासवर्डही त्यांनी मागितला होता. तो साहेबांनी दिला नव्हता म्हणून वाचलो. ती फाइल हटवून अधिकृत साइटवरून थंडरबर्ड नव्याने टाकलं, जुने प्रोफाइल, म्हणजे साठवलेले मेल आणि खाती, तसेच चालले.

आता तेच काम आमच्या हातात आहे. थंडरबर्डच्या फोल्डरमध्ये ‘डिस्ट्रिब्यूशन’ नावाचं फोल्डर करायचं आणि त्यात ‘पॉलिसीज डॉट जेसन’ ही साधी मजकुराची फाइल ठेवायची. काय चालू, काय बंद, काय लॉक ते त्यात लिहायचं. विंडोज सर्व्हर असेल तर त्यातल्या ग्रुप पॉलिसीने, म्हणजे एका जागेवरून सगळ्या मशीनना नियम लावायच्या सोयीनेही होतं. खातं आपोआप भरायला आपल्याच डोमेनवर ‘ऑटोकॉन्फिग’ची एक फाइल पुरते. हे बसवून देणाऱ्याने मेहनतीचे पैसे घ्यावेत, जरूर घ्यावेत. त्या पोरालाही आम्ही दिले. सेवेचं बिल आणि लायसन्सचं बिल यात फरक आहे, आणि माझी तक्रार नेमकी त्यावर आहे.

साहेबांनी सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार दिली आहे. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, आणि मेल अडवून धरल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६. पैसे अजून परत आलेले नाहीत.

तुमच्याकडे असं ‘खास बनवलेलं’ काही असेल तर एखाद्या पाठवलेल्या मेलचा सोर्स आजच उघडून बघा. संशय आला तर घाईने अनइन्स्टॉल करू नका. आधी ते पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, ऑफलाइनच्या स्क्रीनचे फोटो काढा, लायसन्स म्हणून दिलेली बिलं आणि पेमेंट मागणारे मेसेज एकत्र करा, आणि मगच नवीन सॉफ्टवेअर टाका. आमच्या पोराने ती मूळ फाइल जपून ठेवली होती. तक्रारीसोबत आम्ही तीच जोडली.