१५८७च्या ग्रीक बायबलच्या नावाखाली झालेली फसवणूक

ग्रीक जुन्या कराराच्या छापील प्रती जमवणाऱ्यांना रोमच्या १५८७च्या आवृत्तीचं मोल सांगायला नको. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून हिब्रू शास्त्राचं जे ग्रीक भाषांतर होत गेलं, ते सेप्टुआजिंट. व्हॅटिकनमधल्या चौथ्या शतकातल्या हस्तलिखिताचा मुख्य आधार घेतलेली त्याची पहिली छापील आवृत्ती ती हीच, पोप पाचवा सिक्स्टस याच्या काळात, कार्डिनल कराफाच्या देखरेखीखाली निघालेली. पुढे दीर्घकाळ बहुतेक आवृत्त्या तिच्यावरूनच निघाल्या. मला याच आवृत्तीच्या नावाने फसवलं गेलं. तोच माल पुन्हा कुणाच्या तरी गळ्यात मारला जाईल, म्हणून सगळं सांगतो आहे.

मी इंग्लंडमध्ये राहतो. विक्रेता युरोपातला, ओळख इंटरनेटवरची. बोलणं अदबीचं, ग्रीकची जाण चांगली. ‘प्रत पूर्ण आहे, एका मठाच्या ग्रंथालयातून आली आहे’ असं त्याने लिहून दिलं, सोबत शिक्क्याचं प्रमाणपत्र. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, बँकेतून थेट पैसे पाठवलेत तर किंमत कमी करतो, असा तगादा त्याने लावला. रक्कम पाउंडांत चार आकडी होती.

पुस्तक आलं. आतली बहुतेक पानं खरी होती, आणि लबाडीची सगळी मेख तिथेच आहे. शीर्षकपान नसलेली प्रत बरीच स्वस्त मिळते. त्याने तशी प्रत घेऊन शीर्षकपान आणि शेवटची दोन पानं नव्याने छापून चिकटवली होती. कागद मात्र जुनाच, कुठल्या तरी पुस्तकाचं कोरं पान कापून घेतलेला. त्यामुळे नुसतं पाहून, हात लावून काही कळत नाही.

कळलं ते उजेडासमोर धरल्यावर. हाताने बनवलेल्या त्या काळच्या कागदात साच्याच्या तारांच्या ठळक रेघा दिसतात. फोलिओ आकाराच्या, म्हणजे छापील ताव एकदाच दुमडून बांधलेल्या, पुस्तकात त्या उभ्या असतात. आतल्या सगळ्या पानांत उभ्या, आणि शीर्षकपानावर आडव्या! मग भिंग घेतलं. शिशाच्या खिळ्यांनी छापलेलं अक्षर कागदात किंचित रुततं. इथे अक्षरं सपाट होती आणि कडांना बारीक ठिपके. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. या आवृत्तीवर वर्ष रोमन आकड्यांत १५८६ छापलं होतं आणि पुष्कळ प्रतींत शेवटी आणखी एक रेघ पेनाने जोडून ते १५८७ केलेलं आहे. माझ्या पानावर ती हाताची रेघसुद्धा बाकीच्या अक्षरांसारखीच छापलेली होती. अशा दुरुस्त केलेल्या खऱ्या पानाचा फोटो काढून ते छापलं होतं, हे त्यावरून उघड झालं.

मी हे कळवल्यावर विक्रेत्याने उत्तर देणं बंद केलं. पैसे बँकेतून गेलेले, परत मिळाले नाहीत. ब्रिटनमध्ये १०० ते ३०,००० पाउंडांपर्यंतची वस्तू थेट विक्रेत्याकडून क्रेडिट कार्डाने घेतली, तर १९७४च्या ग्राहक पतकायद्याच्या कलम ७५नुसार कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते. बँकेतून पैसे मागण्यामागचा हेतू आता पुरता उमगला.

प्रमाणपत्रावर विसंबू नका. गॅलिलिओच्या १६१०च्या ग्रंथाची बनावट प्रत नामांकित तज्ज्ञांनी खरी ठरवली होती. २०१२मध्ये ती खोटी निघाली. ती करणारा मारिनो मास्सिमो दे कारो नेपल्सच्या जिरोलामिनी ग्रंथालयाचा संचालक होता, आणि तिथलेच ग्रंथ लंपास केल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. म्हणून ‘मठातून आलेली प्रत’ ऐकलं की ती मठाने कधी, कुणाला विकली याचा कागद मागा. पैसे देण्याआधी प्रत्येक पानाची मोजदाद लेखी मागा आणि शीर्षकपानाचा मागून दिवा धरलेला फोटो मागा. चोख माल विकणारा दोन्ही देतो.

माझ्यासारखंच पान इतर प्रतींतही चिकटवलेलं असू शकतं. त्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात चंद्रकोरीसारखा ओलीचा डाग आहे, तोही छापलेलाच. मागच्या बाजूला उमटलेला नाही. विक्रीच्या फोटोत तो दिसला, तर मागच्या बाजूचा फोटो मागून घ्या.