आकुनान्से घ्यावा की गँग्रेल? आणि आकुनान्सेच घेतला तर नक्की कुठल्या जातीचा?

व्हॅम्पायर: द मास्करेड या टेबलावर बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेमची नवी कॅम्पेन (अनेक सेशन म्हणजे बैठकांत चालणारी एक सलग कथा) सुरू होणार असेल आणि डोक्यात "आफ्रिकेतला, गावोगाव फिरणारा, गोष्टी सांगणारा व्हॅम्पायर" हे एकच खूळ असेल तर पहिला प्रश्न हाच पडतो की आकुनान्से घ्यायचा का, की सगळ्यांच्या ओळखीचा गँग्रेल (दोन्ही या गेममधली व्हॅम्पायरची घराणी) घेऊन त्यालाच आफ्रिकेची बॅकस्टोरी चिकटवायची. माझं मत आधीच सांगून टाकतो, गोष्ट सांगणं हा तुमच्यासाठी मुख्य भाग असेल तर आकुनान्से, आणि भटकणं, जंगल, नखं-दात हा मुख्य भाग असेल तर गँग्रेल, गोष्टी त्यालाही सांगता येतातच की. पण आकुनान्से घेताना त्याच्या पोटात आणखी एक निवड लपलेली आहे, ती बहुतेक लोक करतच नाहीत आणि मग कॅरेक्टर तिसऱ्या सेशनला नुसतं "आमच्याकडे एक म्हण आहे" एवढंच बोलत बसतं.

आधी कागदावरचं. गँग्रेल १९९१ च्या पहिल्या पुस्तकापासून आहेत आणि २०१८ च्या पाचव्या एडिशनच्या मुख्य पुस्तकातही आहेत, म्हणजे टेबलावर कोणालाच काही समजावून सांगावं लागत नाही. आकुनान्से आले ते २००३ च्या एबनी किंगडमवाल्या पुस्तकात, जिथे आफ्रिकेतल्या व्हॅम्पायरना लायबॉन म्हणतात आणि क्लॅनला, म्हणजे व्हॅम्पायरच्या घराण्याला, लेगसी. दोघांकडे अॅनिमलिझम (जनावरांशी संवाद) आणि फॉर्टिट्यूड (चिवटपणा) सारखंच. फरक तिसऱ्या डिसिप्लिनमध्ये म्हणजे व्हॅम्पायरी शक्तीमध्ये, गँग्रेलकडे प्रोटीयन म्हणजे पंजे फुटणं, जमिनीत विरघळून झोपणं, लांडगा किंवा वटवाघूळ होणं, आणि आकुनान्सेकडे अबोंब्वे, ज्यात सगळा भर आतल्या शिकारी जनावराशी जमवून घेण्यावर आहे. खरं सांगायचं तर नुसत्या पॉवर्स बघून निवडणार असाल तर प्रोटीयन सरळ सरळ जास्त कामाचं आहे, उघड्यावर भटकणाऱ्याला दिवसा जमिनीत गडप होता येणं याच्यासारखी सोय नाही.

गँग्रेलची किंमतही दिसते, चिडून भान सुटलं की अंगावर जनावराची काहीतरी खूण येते, जुन्या एडिशन्समध्ये ती कायमची राहायची, पाचव्यात तात्पुरती. आता विचार करा, ज्याला गावात बसून लोकांना गोष्ट सांगायची आहे त्याला मांजरासारखे डोळे आणि कानावर केस परवडतील का? इथेच गँग्रेल आणि कथेकरी यांचं नीट जुळत नाही असं मला वाटतं. आणि पाचव्या एडिशनवर खेळत असाल तर आकुनान्से मुख्य नियमांत नाहीत, तेव्हा काहीतरी हाताने जुळवावं लागणार हे आधीच स्टोरीटेलरशी (गेम चालवणाऱ्याशी) बोलून घ्या.

टेबल कुठलं आहे तेही बघा. शिकागोतल्या राजकारणाची क्रॉनिकल (म्हणजे कॅम्पेनच) असेल तर आकुनान्से तिथे एकटाच पडतो, त्याचे कायदे, त्याची माणसं, सगळं तुम्हालाच सांगत बसावं लागतं, तिथे गँग्रेल घ्या आणि मोकळे व्हा. पश्चिम आफ्रिकेतलं आक्रा, बामाको, डकार असं काही असेल तर मात्र गँग्रेल घेऊन जाणं म्हणजे मजा घालवणं.

आता ती आतली निवड. एबनी किंगडमने सगळ्या खंडातून हाताला लागेल ते उचललंय. लायबॉन ही केनिया-टांझानियातल्या मासाई लोकांची पदवी, त्यांच्या धार्मिक विधींच्या प्रमुखाची. ह्युमॅनिटीऐवजी (व्हॅम्पायरमध्ये उरलेल्या माणुसकीचं मोजमाप) जे ओरून आणि आये वापरलेत ते नायजेरिया-बेनिनमधल्या योरुबा लोकांच्या विश्वकल्पनेतले. आणि आकुनान्सेच्या नावामागे उघड उघड घानातल्या अकान लोकांचा अनान्से दिसतो, कोळी, महाबिलंदर. आक्रा ते नैरोबी विमानाने सुद्धा सुमारे ४,००० किलोमीटर आहे! त्यामुळे "आफ्रिकन" एवढ्यावर थांबू नका, एक जागा पक्की करा. मला दोनच जागा सुचवाव्याशा वाटतात कारण त्या दोन्हीकडे गोष्ट सांगण्याची पद्धत पूर्ण वेगळी आहे आणि लेगसीचं नाव एकीकडचं तर वागणं बरंचसं दुसरीकडचं अशी गंमत आहे.

पहिली, अनान्सेची. अकान लोकांच्या या गोष्टी कोणीही सांगू शकतो, त्यासाठी ठराविक घराण्यात जन्मावं लागत नाही. रिवाज असा की त्या अंधार पडल्यावरच सांगायच्या. व्हॅम्पायरला याहून सोयीचं काय हवं, रात्रीच येणाऱ्या कथेकऱ्याचा कोणाला संशयच येणार नाही. शिवाय सुरुवातीलाच सांगणारा जाहीर करून टाकतो की आम्ही जे सांगतोय ते खरं आहे असं आमचं म्हणणं नाही. म्हणजे तुमचं कॅरेक्टर स्वतःचे खून गोष्ट म्हणून भर चौकात सांगू शकतं आणि मास्करेड, म्हणजे व्हॅम्पायर असल्याचं लपवण्याचा नियम, मोडतही नाही. मध्येच ऐकणाऱ्यांतला कोणीतरी उठून गाणं सुरू करतो, गोष्ट थांबते, मग परत चालू, तर ही संधी टेबलावरच्या बाकीच्या प्लेअर्सना द्या, फार छान चालतं. आणि मूळ गोष्ट तर माहीत असायलाच हवी. सगळ्या गोष्टी आकाशदेव न्यामेच्या मालकीच्या होत्या, अनान्सेने त्या विकत घेतल्या, किंमत म्हणून अजगर, गांधीलमाश्या, एक अदृश्य परी आणि ओसेबो नावाचा बिबट्या जिवंत पकडून द्यायचा होता, युक्त्यांमध्ये बायको आसोचा हात होताच. आता बघा, एबनी किंगडममध्ये ओसेबो नावाची दुसरी एक लेगसी आहे, लढवय्यांची. त्यांच्यासमोर बसून तुमच्या आकुनान्सेने बिबट्या खड्ड्यात कसा पडला ही गोष्ट रंगवून सांगितली तर पुढचा अख्खा सेशन त्यावर निघेल.

दुसरी, ग्रिओची म्हणजे वंशपरंपरागत भाट-कथेकऱ्याची, मांडे भाषांत त्याला जेली म्हणतात. माली, गिनी, सेनेगल, गाम्बिया हा पट्टा. इथे जन्म लागतो, कुयाते, दियाबाते, सिसोको अशी घराणी, लग्नंही आपापसांतच. आणि हा माणूस वाटेल तिथे भटकत नाही, त्याचं यजमान घराणं ठरलेलं असतं, त्या घराण्याची वंशावळ, पराक्रम, भांडणं सगळं त्याच्या तोंडात, आणि त्याबद्दल त्याला द्यायचं ते द्यायचंच. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी येऊन घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवतात ते कोणी पाहिलं असेल तर त्यांना पटकन कळेल, फक्त जेलीचा राजदरबारातला वट त्याहून फार मोठा होता. तेराव्या शतकात माली साम्राज्य उभं करणाऱ्या सुंदियाताचा जेली बाला फासेके, कुयाते आपलं मूळ त्याच्यापर्यंत नेतात. शत्रू सुमांगुरूचा म्हणून सांगितला जाणारा बालाफोन (लाकडी पट्ट्यांचं वाद्य), सोसो बाला, गिनीतल्या नियागासोला गावात याच घराण्याने आजवर जपलाय, २००१ मध्ये युनेस्कोने त्याला वारशाचा मान दिला.

तर तुमचा आकुनान्से त्या काळचा असेल आणि त्याने सुंदियाता-सुमांगुरूची किरिनाची लढाई (साधारण १२३५) स्वतःच्या डोळ्यांनी बघितली असेल, आणि आजचा जिवंत जेली ती वेगळी सांगत असेल, तर तो काय करतो? गप्प बसतो, दुरुस्त करतो, की त्याचं तोंड कायमचं बंद करतो? मला तरी याच्यापुढे पंजे-बिंजे फिके वाटतात. लपायला जागाही तयार मिळते, सेनेगलमध्ये सेरेर लोक ग्रिओंना जमिनीत पुरत नसत, पोकळ बाओबाब झाडाच्या बुंध्यात ठेवत, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत. बाओबाबमध्ये दिवस काढणारा मेलेला ग्रिओ, अजून काय सांगू.

कॅरेक्टर शीटवरही फरक पडतो. अनान्सेवाल्याला सब्टरफ्यूज (फसवाफसवी), स्ट्रीटवाइज (रस्त्यावरचं शहाणपण), आणि हर्ड (रक्त देणारी हक्काची माणसं) जवळपास शून्य, कारण तो कुठे टिकतच नाही, रक्त जिथे मिळेल तिथे. जेलीवाल्याला परफॉर्मन्स, पॉलिटिक्स आणि भरपूर हर्ड, यजमान घराणं पिढ्यान् पिढ्या त्याला पोसतंय, धान्य-कपड्यांबरोबर आणखी काय देतंय ते वेगळं सांगायला नको. फिरायचंच असेल तर अनान्से, तो तर गुलामांच्या जहाजांतून जमैका आणि सुरिनामपर्यंत पोचलाय, क्रॉनिकल किंग्स्टनला नेली तरी चालेल. मुळं, सूड, घराण्यांची गुपितं असलं जड काही हवं असेल तर जेली.

नवखा प्लेअर असेल तर मी अनान्सेच सुचवेन कारण चुकीची माहिती दिली तरी ती कॅरेक्टरच्याच स्वभावात बसते, जेलीने मात्र नाव-गाव चुकवलं की विषय संपला.

घरीच लेगसी बनवायचा विचार असेल तर इव्हे लोकांचा अद्झे (घाना-टोगो) बघा, काजव्याच्या रूपात बंद दारातून शिरून रक्त पितो, किंवा अकानांचा असानबोसाम, लोखंडी दात, पायांच्या जागी आकडे, झाडावरून खाली लोंबकळणारा. दोन्ही मस्त आहेत पण ते गोष्टीतले राक्षस आहेत, गोष्ट सांगणारे नाहीत, तेव्हा त्यांना तुमच्या कॅरेक्टरच्या तोंडी ठेवा. नैरोबीत कॅम्पेन असेल तर अजून एक, ब्रिटिशांच्या काळात तिथे अग्निशमन दलाची माणसं लोकांना पकडून रक्त काढून घेतात अशा अफवा दशकानुदशकं होत्या, वाझिमामोतो म्हणायचे त्यांना. आपल्याकडे प्लेगच्या वेळी मुंबईत दवाखान्यात नेऊन मोमियाई (माणसाच्या शरीरातून काढायचं औषध) काढतात म्हणायचे ना, त्याच जातीची भीती. खऱ्या व्हॅम्पायरला असं आयतं पांघरूण कुठे मिळणार.

बाकी एक व्यवहाराची गोष्ट. या गेममध्ये गेम चालवणाऱ्यालाच स्टोरीटेलर म्हणतात आणि तुम्ही कॅरेक्टरही कथेकऱ्याचंच घेताय, म्हणजे बोलायच्या वेळेवरून खटके उडणारच. सेशनला एकच गोष्ट, जास्तीत जास्त पाच मिनिटं, आणि ती आधी स्टोरीटेलरला मेसेज करून ठेवायची म्हणजे तो त्यातलं एखादं पात्र दोन सेशननंतर दारात आणून उभं करू शकतो. हे मान्य नसेल तर सरळ गँग्रेल घ्या.