केळीच्या ट्रॉलीखाली आठ महिने: २० टनी जॅकचा अनुभव

रावेरकडे आमचं ट्रॅक्टर-ट्रॉली दुरुस्तीचं छोटं गॅरेज आहे. आठ महिन्यांपूर्वी जळगावहून २० टनी बॉटल जॅक आणला, तेलाच्या दाबाने वजन उचलणारा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जो घोळ झाला तो माझ्याच हातचा.

उचलण्याबद्दल तक्रार नाही. भरलेली ट्रॉली बांधावर पंक्चर झाली की घड उतरवायला कोणी तयार होत नाही. चढ-उतारीत केळी डागाळते. मग मालासकटच ट्रॉली उचलायची. फक्त काळ्या मातीत बाभळीची जाड फळी बुडाखाली हवीच, नाहीतर ट्रॉली जागेवर आणि जॅक जमिनीत.

पाचव्या महिन्यात तेल कमी वाटलं. हाताशी ब्रेक ऑइल होतं, तेच ओतलं. आठवड्यात जॅकने मान टाकली. चाक काढून चहाचे दोन घोट घेतले, तेवढ्यात अ‍ॅक्सल दोन बोटं खाली आलेला! खाली लाकडी ठोकळे होते म्हणून निभावलं.

जळगावच्या मिस्त्रीने जॅक खोलला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "भो, तेल कोनतं टाकलं?" मी गप्प. आतलं तेल अडवणारं रबरी सील फुगून लिबलिबीत झालं होतं, नख दाबलं की खूण तशीच राहायची. ब्रेक ऑइल असतं ग्लायकॉलचं आणि या जॅकमधलं रबर खनिज तेलाला चालणारं.

नवं सील त्याने हातावर ठेवून दाखवलं. वाटीसारखं, ओठ दाबाच्या बाजूला. तेलाचा दाब वाढतो तसा ओठ सिलिंडरच्या भिंतीला आणखी घट्ट चिकटतो. म्हणजे वजन जितकं जास्त, तितकी गळती बंद. घरी येऊन यामागचा इतिहास वाचत बसलो (बायको म्हणाली, आता जॅकचीही कुंडली मांडा).

लंडनच्या जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये हायड्रोलिक प्रेसचं, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचं, पेटंट घेतलं. लहान दट्ट्या १ सेंटीमीटर व्यासाचा आणि मोठा ५ चा असेल तर जोर २५ पट, हिशेब सरळ आहे. अडचण होती ती कडेने होणाऱ्या गळतीची. त्यावर आपोआप आवळणारी चामड्याची वाटी काढली, तिचं श्रेय ब्रामाच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लेला देतात.

पुढे बर्मिंगहॅमच्या टँगी बंधूंनी हायड्रोलिक जॅक बनवायला घेतले. थेम्सकाठी इंजिनियर ब्रुनेलचं ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाज अडून बसलं होतं. लांबी ६९२ फूट, म्हणून आडवंच नदीत ढकलायचं. नोव्हेंबर १८५७ मध्ये सुरू केलेलं काम ३१ जानेवारी १८५८ ला संपलं, त्यात टँगींच्या जॅकचा मोठा वाटा. आम्ही जहाज पाण्यात लोटलं आणि जहाजाने आम्हाला धंद्यात, अशा अर्थाचं रिचर्ड टँगी म्हणत. १८७८ मध्ये लंडनला क्लिओपात्राचा सुळका (इजिप्तहून आणलेला दगडी स्तंभ) उभा केला, तेव्हाही जॅक त्यांचेच होते.

सील बदलून आता तीन महिने झाले. भुसावळचा उन्हाळा माहीत असेलच, तरी जॅक अजून बसलेला नाही. जॅक खाली उतरवायच्या व्हॉल्व्हचा स्क्रू मात्र झटक्यात सुटतो, पाव आट्याच्या वर फिरवू नका. पुन्हा घ्यायचा झाला तर हाच घेईन, पण सीलचा किट आणि हायड्रोलिक ऑइलचा डबा त्याच बिलात.